मधल्या खोलीतली पंचवीस पिल्लं

(कमलनगरकडचं एक गाव. नागरत्नाच्या घरातली मधली खोली, सकाळचे नऊ. भिंतीला टेकून तिची सासू अक्कम्मा बसलीय. जनावरांच्या दवाखान्यातले माणिकराव बादलीत हात धुतायत.)

नागरत्ना : सापडंना म्हंजे? कोंबडीची पंचवीसच्या पंचवीस पिल्लं पाच दिसांत मेली माणिकराव अण्णा, अन् तुम्ही म्हणायलाव, कारण सापडंना?

माणिकराव : तुमच्यासमोरच दोन फाडून बघितली, अक्का. आतडं साफ, फुप्फुस साफ. जंत नाहीत. उंदीर चावल्याची खूण नाही. पोटात दाणासुद्धा आहे.

नागरत्ना : दाणा हाय! म्हंजे खाऊन-पिऊन मेली.

माणिकराव : इतक्या लहान पिल्लांत होतं असं कधी कधी.

नागरत्ना : मग गुरुबाईच्या घरात कामून होईना? एकाच गाडीतनं उतरली. बचतीच्या संघातल्या बायांसमोर एकाच खोक्यातनं निम्मी तिनं नेली, निम्मी मी आणली. तिची चुलीपुढं धुरात पडलेली असतात, भोवती मांजर फिरतंय. अन् काल बघून आले, पंखं फुटून उड्या मारायलीत. मी बल्ब लावला. रोज भुसा बदलला. पाणी उकळून, गार करून दिलं. पोटच्या पोरीला बी एवढं केलेलं मला आठवंना.

माणिकराव : तुमचं काही चुकलं असं कोण म्हणायलंय?

नागरत्ना : कुणी म्हणंना, तेच तर! म्हणा की कुणीतरी. नागरत्ना, इथं चुकलं तुझं, पाणी जास्ती झालं, ऊब कमी पडली. म्हणा एकदा, म्हंजे मी कपाळ बडवून मोकळी होते. त्याच्या मारी, पंचवीस जीव जातात अन् कुणाचंच काय चुकत न्हाई?

अक्कम्मा : हळू बोल गं. रस्त्यापातुर आवाज जायलाय.

नागरत्ना : जाऊ द्या. गल्लीला हेच ऐकायचं होतं. लिंगवंताच्या घरात कोंबड्या पाळायला निघाली, बरी जिरली. तुमचा लेक काय म्हणला, ठाव हाय ना? 'कोंबडीचीच पिल्लं ती, दुसरी आणू.' अन् गेला जीप घेऊन सीटा भरायला. संध्याकाळी शैलश्रीचा फोन येईल हॉस्टेलातनं. 'मम्मी, पिल्लं दाखव' म्हणंल. काय दाखवू? रिकामं खोकं?

माणिकराव : मी येऊ का, अक्का? ठाणाकुशनूरला एक म्हैस अडलीय.

नागरत्ना : थांबा अण्णा. दोन मिनिटं थांबा. मला तुमच्यासमोर एक विचारायचंय. अत्ती, काल मी संघाच्या बैठकीला गेले तवा ह्या खोलीची कडी घालून गेले होते. आले तर कडी उघडी. कोण आलं होतं आत?

अक्कम्मा : कोण येणार? मीच.

नागरत्ना : कामून?

अक्कम्मा : घर माझं हाय. येऊ नको का?

नागरत्ना : ज्या दिशी पिल्लं आली त्या दिशी तुम्हीच म्हणलाव, ह्या खोलीत आता पाऊल ठेवणार न्हाई. अजून काय म्हणलाव, सांगू अण्णाला?

अक्कम्मा : सांगू नको.

नागरत्ना : 'जिथं लिंगपूजा होते तिथं ही घाण आणलीस. मरू दे सगळी.' हेच म्हणलाव ना? दारात उभं राहून, पिल्लं खोक्यातनं उतरायच्या आधी. आता खरं सांगा. दाण्यात काय कालवलं?

अक्कम्मा : जीभ सांभाळ, नागरत्ना! चुलीत लाकूड घालायच्या आधी आपटून बघते मी, मुंगी असंल म्हणून. अन् मी दाण्यात कालवीन?

नागरत्ना : मग त्यांच्या डोक्यावर पांढरं काय होतं? काल मी डोळ्यानं बघितलंय. बोटाला आलं माझ्या.

अक्कम्मा : विभूती.

नागरत्ना : काय?

अक्कम्मा : विभूती लावले. काल अकरा राहिली होती, अकराला बी लावले. परवा बी. त्याच्या आदल्या दिशी बी. तू पाण्याला गेलीस की यायची मी.

नागरत्ना : पिल्लांना विभूती?

अक्कम्मा : मग काय करू? पयली दोन मेली तवा तू ती पदरात घेऊन परसात गेलीस. मी खिडकीतनं बघितले. ह्याच तोंडानं म्हणले होते ना मी, मरू दे? मला वाटलं, माझं बोलणं लागलं. म्हणून बसवण्णाला हात जोडले. म्हणले, शिवा, म्हातारी हाय, बडबडते, मनावर घेऊ नको. माझं बोलणं माघारी दे. एकेकाला हातात घ्यायची अन् तेच म्हणायची. त्यात एक लंगडं होतं बघ, तपकिरी. ते माझ्या अंगठ्यावर मान टाकून झोपायचं. आज सकाळी ते बी गेलं.

नागरत्ना : अन् मला सांगितलं न्हाई.

अक्कम्मा : काय सांगू? तुझी पिल्लं मी खाल्ले म्हणून सांगू?

नागरत्ना : अण्णा, त्या विभूतीनं तर न्हाई ना झालं? नाकात गेली असंल, चोचीत गेली असंल?

माणिकराव : नाही अक्का. पहिली दोन विभूती लावायच्या आधीच मेलेली. अन् आता बघितली त्यांच्या नाकात, घशात काही नव्हतं. अव्वानी जपूनच लावलीय, नुसती टिकली.

अक्कम्मा : मग माझ्या बोलण्यानंच.

माणिकराव : अव्वा, असं बोलण्यानं...

नागरत्ना : गप बसा, अत्ती! तुमच्या बोलण्यानं मरायचं असतं तर मी सतरा वर्षाखालीच मेले असते.

अक्कम्मा : ...एवढं बोलले का मी तुला?

नागरत्ना : एवढं. लग्नाच्या तिसऱ्या दिशी भाकर करपली, तर शेजारणीला सांगितलाव, ही काय टिकायची न्हाई. शैलश्री झाली तवा दोन महिने तोंड फिरवून बसलाव. माझ्या चालण्याला बोललाव, झोपण्याला बोललाव, कानडी बोलताना मराठी येती म्हणून बोललाव. बघा, जित्ती हाय. तुमच्यापुढं उभी हाय. माणूस एवढं ऐकून जगतं, मग ती कामून जगली न्हाईत हो? त्यांना तर मी एक शबूद वाकडा बोलले नव्हते.

माणिकराव : अक्का, बसा खाली. बसा. हे एक पिल्लू मी पिशवीत घालून नेतो. बिदरला तपासायला पाठवतो.

नागरत्ना : कळंल तिथं?

माणिकराव : खोटं कशाला सांगू? पंधरा दिवसांनी कागद येईल. बऱ्याच वेळा त्यावरही हेच असतं, कारण निश्चित नाही.

नागरत्ना : मग कशाला न्यायलाव?

माणिकराव : हात हलवत जायला मलाही बरं वाटंना म्हणून. बाकीची खोल पुरा, वर चुना टाका. कुत्री उकरतात. खोकं जाळा, खोली धुवा. अन् तीन आठवडे तरी दुसरी पिल्लं आणू नका.

नागरत्ना : दुसरी कोण आणायलंय? नावच काढू नका.

माणिकराव : बरं. येतो, अव्वा.

अक्कम्मा : या. म्हशीला बघा, उशीर झाला तुम्हाला.

नागरत्ना : गेले अण्णा. साक्षीदार ठेवून घेतला होता मी. तुम्हाला धरायचं होतं आज. सारी रात जागून ठरवलं होतं, आज हिला सोडायचं न्हाई.

अक्कम्मा : धर की मग.

नागरत्ना : कशाला धरू? तुम्ही न्हाई केलं. अण्णानं न्हाई केलं. मी न्हाई केलं. माझ्या अंगात नुसता जाळ उठलाय, अत्ती, अन् टाकायला जागाच न्हाई. कुणावर काढू हे?

अक्कम्मा : ऊठ. परसातली जमीन लई कडक झालीय, माझ्यानं उकरंना. तू कुदळ घे. मी पिल्लांची टोपली धरते.