सतराच्या खालचं सगळं बंद

नाही रे, अभिराम, तुझं मेटल डिटेक्टरचं मशीन बिघडलेलं नाही — दोन दिवसांसाठी दिलंस आणि आज पाचवा दिवस, मला माहितीये, नेशील तू, पण आत्ता नको. चार वाजता ऋताची टॅक्सी येणारे, हार्लेमच्या घरून सरळ स्किपोल विमानतळ, आणि आता वाजलेत किती? दीड. म्हणजे वेळ आहे. आहे ना? बस तिथे बाकावर. वारा आहे, हो, झांडवोर्टच्या किनाऱ्यावर वारा कधी नसतो? तर रविवारी आम्ही दोघं इथे आलो, ती पोहायला गेली, जाताना मंगळसूत्र काढून माझ्या हातात दिलं — साधं, काळ्या मण्यांचं, दोऱ्यात ओवलेलं — आणि ते पडलं. तुटलं आणि पडलं. वाट्या दोन, एक आमच्याकडची, एक तिच्या माहेरची. आमच्याकडची पहिल्याच दिवशी मिळाली, तुझ्याच मशीनने दाखवली, स्क्रीनवर सतरा आकडा आणि खणखणीत आवाज. धावत घरी नेली. तिने ती फ्रीजवर ठेवली आणि म्हणाली, ‘ही तुझी. माझी कुठंय?’ तेव्हापासून ती बॅग भरतेय आणि मी इथे चालतोय.

काय म्हणालास, डिस्क्रिमिनेशन? नको त्या धातूंचा आवाज गाळायचं सेटिंग? लावलंय की — न लावून कसं चालेल, या वाळूत बिअरच्या डब्यांच्या कड्या, चॉकलेटचे चांदीचे कागद, पावलापावलाला टुकटुक, खणून खणून बोटं सोलवटली माझी. मग मी डोकं चालवलं. ती मिळालेली वाटी घरून आणली, मशीनसमोर धरली — सतरा — आणि सतराच्या खालचं सगळं बंद करून टाकलं. ऑफिसात हेच तर करतो मी, एक चांगला नमुना घ्यायचा आणि बाकीचा कचरा गाळायचा. तेव्हापासून कसं शांत आहे सगळं. असा काय बघतोस? वजन? नाही, सारखं कुठलं, तिची हलकी आहे — पातळ पत्रा आणि आत लाख भरलेली. सासऱ्यांची कंपनी तेव्हा बंद पडली होती, सासूबाईंच्या कुड्या मोडून केली होती ती. म्हणजे… पातळ सोनं किती दाखवतं? चांदीच्या कागदाएवढंच? सहा-सात? अरे, म्हणजे चार दिवस मी तिच्यावरूनच चालतोय.

ते गाळणं बंद कर. सगळं वाजू दे. कुठून सुरुवात करू — मी त्या निळ्या खांबापाशी उभा होतो, हात असा मागे नेला आणि… म्हणजे पडलं तेव्हा. तसं बघू नकोस माझ्याकडे. हो, फेकलं. ती पाण्यातून आली आणि म्हणाली, ‘बाबांना महिनाभर इकडे बोलावू या, तुझे आईबाबा तीनदा राहून गेले.’ एवढंच म्हणाली. आणि मी काय म्हणावं? ‘तुझ्या बाबांनी दिलं काय, एक पोकळ वाटी?’ आणि तिच्या डोळ्यांदेखत फेकलं, केसांतून पाणी गळत होतं तिच्या. ती रडली असती तर बरं झालं असतं. टॉवेल उचलून सरळ चालू लागली. मला भीती वाटते रे, ती गेली की परत येणार नाही.

थांब. सात. परत सात — हा कागद नाही, कागद असा एकसारखा वाजत नाही. ते खुरपं दे. हाताने? हाताने उकरायला वेळ कुठे आहे, दे इकडे — आहे, काहीतरी आहे, मणी, काळा मणी बघ — आणि ही… हीच. अभिराम, हीच ती.

नाही. खुरपं लागलं. चिरली मधोमध, बघ ना, लाखेचा नुसता भुगा… सगळी वाळूत गेली. आत काही उरलं नाही. मी म्हणालो होतो तशीच झाली.

फोन ठेव तो. तिला काय सांगणार आहेस, सापडली म्हणून? तुझं मशीन घे आणि जा. जा ना.