जावेच्या वाईटावर लावलेली फुलं

माझं माहेर कोपरगावाकडचं, पाटाच्या पान्याचं, ऊस बघत वाढलेली मी, आन् दिली ती इकडं नगराच्या उगवतीला, माळावर, जिथं विहिरीत वाकून बघावं तर आपलं तोंडबी दिसू नये एवढं पानी खोल. काय सांगू तुमाला, नाकात नथ आन् डोक्यात वारा, मला वाटायचं आपल्याइतकं शानं ह्या गावात कुनी न्हाई. आज ती पोरगी समोर आली तर मीच तिच्या थोबाडीत देईन, आन् मंग पोट धरून हसंन.

घरात एक थोरली जाऊ. सासू गेली आन् वरसाच्या आत वाटन्या झाल्या, विहिरीकडची काळी थोरल्या दिराला, मुरमाड कड आमाला, मधी बांध, विहीर तेवढी सामाईक. आन् कांद्याचं बी सासूनं जाताना थोरलीच्या हातात दिल्यालं. आमच्यात तवा हे बी कुनी इकत आनत नव्हतं, घरचंच धरायचं. दिवाळीच्या सुमाराला निवडक कांदे पुन्हा जमिनीत लावायचे, त्याला दांडे येतात, दांड्यावर पांढरे गोंडे फुलतात, डोंगळे म्हनतो आमी त्याला. गोंडा वाळला की आत काळं बी.

भादव्यात मी वाटी घेऊन तिच्या दारात गेले. हसत दिलं बाई तिनं, म्हनली घे गं धाकले, घरचंच हाय, माघारी द्यायचं न्हाई. मी वाफे केले, बी टाकलं, रोज पानी दिलं, आठ दिस झाले, पंधरा दिस झाले, हिरवा केस वर आला न्हाई. कांद्याचं बी वरीसभरच जितं असतंय, पुढं त्यात आन् वाळूत फरक न्हाई, हे तिला ठाव, मला न्हाई. तिनं मला कधीचं जुनं काढून दिल्यालं. वर पानवठ्यावर सांगितलं की धाकलीच्या हाताला गुन न्हाई, तिनं लावलं तर कुसळबी यायचं न्हाई. बाया हसल्या. त्या दिवशी मी ठरवलं, ह्या बाईपुढं पुन्हा वाटी धरायची न्हाई, आन् हिचे डोंगळे पोकळ करून दाखवायचे.

पोकळ कसे करायचे? तर त्या हिवाळ्यात मी बांधावर बसून तिच्या डोंगळ्यांकडं बघत हुते, जळत हुते म्हना की. गोंड्या-गोंड्यावर मधमाशा. मला एवढं माहीत हुतं की माशी बसली न्हाई तर बी भरत न्हाई, माहेरी आई सांगायची. आन् आमच्या मुरमाडात उटकटारा उगवल्याला, काट्याचा, जांभळ्या गोल गोल चेंडूच्या फुलांचा, ज्याला गुरंबी तोंड लावत न्हाईत, त्याच्यावर तर माशांची जत्रा. माझ्या डोक्यात उजेड पडला. असली फुलं बांधाला दाट लावली तर माशा तिथंच अडकतील, माझ्याकडं येतील, तिच्याकडं जानारच न्हाईत! बघा अक्कल. जशा काय माशा म्हंजे मी हाकलीन तिकडं जानाऱ्या शेळ्या.

उन्हाळाभर मी रानात हिंडून वाळलेली बोंडं गोळा केली, उटकटारा, कुर्डू, रानतुळस, कोरांटी, तरवडाच्या शेंगा. पावसाळा लागला तसं सगळं बांधाच्या माझ्या बाजूला टोकलं. लोक तन उपटतात, मी तन पेरलं. पाऊस ओढ द्यायला लागला तसं विहिरीवरून घागरी आनून पानी घातलं, आन् जाऊ बांधावरून वरडायची, अगं ए धाकले, काट्यांचं बारसं कधी करतीस? मालक माझे रस्ता बदलून घरी यायचे, म्हनायचे लोक मला इचारतात, तुजी बायको कुसळं पोसती का? मी म्हनलं सांगा, व्हय, पोसती.

दिवाळीला भाऊ आला तवा त्यानं माहेरचे कांदे आनले, त्याचे मी दोन वाफे डोंगळे लावले. आन् तवर तरवडावर पिवळी फुलपाखरं यायला लागली, भुरुभुरु. पाखरं आली, अंडी घातली, अळ्या झाल्या, हिरव्यागार, तरवडाची पानं चाळनीसारखी. झालं. जावंनं गावात उठवलं की धाकलीनं बांधाला अळी पाळली हाय, ती आता सगळ्यांच्या हरबऱ्यात शिरनार. सकाळी बघते तर थोरले दीर पुढं आन् मागं शेजारच्या रानाचे चार गडी, हातात इळे. जाऊ मागं उभी, पदर खोचून.

दीर म्हनले, बाजूला व्हा, बांध साफ करायचाय. मी म्हनलं बांध अर्धा माझा हाय. ते म्हनले अळी अर्धी राहती का? गडी हसले. दोन वाफे, माहेरचे कांदे, उन्हाळाभराची पायपीट, सगळं त्या इळ्याखाली जानार. तोंडाला येईल ते बोलले, म्हनलं भावजी, ही अळी तरवडाबिगर काय खात न्हाई, हरबऱ्याचा पाला तिनं खाल्ला तर मीच इळा लावते. मला तरी कुठं ठाव हुतं! पन बोलून बसले. वाकून एक अळी उचलली, दिरांच्या हरबऱ्याच्या शेंड्यावर ठिवली. बसा म्हनलं.

बसले की हो सगळे. बिड्या पेटल्या. अळी शेंड्यावर गेली, डोकं हलवलं, पानाला तोंड लावल्यासारखं केलं, मी इळ्यांकडं बघितलं. तिथून खाली आली, दुसऱ्या फांदीवर गेली, पुन्हा डोकं हलवलं, रुसल्या पाव्हन्यावानी. ऊन वर आलं. तिनं एक पान खाल्लं न्हाई. एक गडी उठला, म्हनला रानात काम पडलंय, ह्या बायांच्या भांडनात आमचा दिस चालला. दिरांनी इळा कमरेला लावला. जाऊ म्हनली, आज उपाशी हाय, उद्या खाईल. मी म्हनलं उद्याबी या, जाऊबाई, जेवन घेऊनच या.

माघात दोनी रानं फुलली. आन् माशा? बांधावर आल्या, माझ्या वाफ्यांवर आल्या, आन् डोळ्यांदेखत बांध ओलांडून तिच्या रानात गेल्या. आधीपरीस जास्तच. मी येडीनं शेनी पेटवली, बांधावर धूर केला की तिकडच्या उडून इकडं येतील, तर वारा फिरला, सगळा धूर माझ्याच वाफ्यांवर. दिसभर माझ्या गोंड्यांवर एक माशी बसली न्हाई. पलीकडं जाऊ पदरानं तोंड दाबून हसत हुती.

चैत्रात गोंडे वाळले. माझे भरले, पुढच्या लागवडीला पुरून उरंल एवढं काळंभोर बी. पन माझं तिकडं ध्यान कुठं हाय? भर दुपारी, तिकडं कुनी नसताना, मी बांध ओलांडला, तिचा एक गोंडा तळहातावर चोळला. फुंकर मारली. फोल उडालं, आन् हातात एवढं बी राहिलं की मूठ मिटंना. तिच्या रानात असं बी कधी आलं नव्हतं. माझ्या घागरी, माझे काटे रुतलेले पाय, आन् बी तिचं! मी तिथंच बसून रडले, रागानं.

माझ्या काट्यांपायी तिचं बी वाढलंय हे तिलाबी कळलं हुतं. मंग दुष्काळ आला, दोन सालं सगळंच गेलं, पन पानी आल्यावर मी माहेरचे कांदे मागवले, पुन्हा बांध पेरला, कारन माझे वाफे त्याच्याबिगर भरत न्हाईत. एक दिवस पहाटे जाते तर जाऊ माझ्या उटकटाऱ्याला कळशी लावून उभी. मी म्हनलं काय करताय? म्हनली कळशी लवंडली. मी म्हनलं रोज लवंडती का, बुंधा वल्ला दिसतोय. म्हनली तुज्या काट्यांना पानी घालायला मी काय येडी हाय? आन् गेली. त्यानंतर त्या पान्याला तिनं चुकूनबी एक दिस खाडा केला न्हाई, आन् एक दिस माझ्याशी धड बोलली न्हाई.

आता दोघी म्हाताऱ्या. ती तिच्या ओट्यावर, मी माझ्या. सुना एकमेकींकडं चहाला जातात, आमी जात न्हाई. बी माझं मी धरते, कुनापुढं वाटी न्यावी लागली न्हाई, एवढं झालं. तिचंबी दर साली दाट येतं. आधी सोसायचं न्हाई, आता बघते आन् गप बसते. देव तिचं भलं करो. वाईट करायचं मी जीव लावून बघितलं, मला न्हाई जमलं.