एल्मवेल काउंटीची शिरगणती

गुरुदत्त : नऊशे अठ्ठ्याण्णव. डोरिसनं कोर्टहाउसमध्ये मला कागदच दाखवला. अख्ख्या एल्मवेल काउंटीत माणसं नऊशे अठ्ठ्याण्णव, आणि हॉस्पिटल चालू ठेवायला हजार लागतात.

मालिनी : दोन माणसांसाठी हॉस्पिटल बंद करणार? काहीतरीच काय.

गुरुदत्त : बोर्डाचा रूलच आहे. ऐंशीच्या सेन्ससला आकडा हजाराच्या खाली गेला की फंडिंग बंद. सातही खाटा बंद, आणि काउंटीतला एकुलता एक डॉक्टर, म्हणजे मी, दुसरीकडे. पण हा आकडा अजून कच्चा आहे. कोणी मोजायचं राहिलं असेल तर आज पाचपर्यंत कळवा म्हणाली. काउंटीची क्लार्क आहे ती, सकाळपासून बिचारी फोन करत सुटलीय.

गिरजाबाई : कोणी केली होती ही मोजणी?

गुरुदत्त : पोस्टानं फॉर्म आले होते ना, आई, मार्चअखेर. एक एप्रिलला घरात कोण राहतं ते ज्याचं त्यानं भरायचं.

गिरजाबाई : ज्याचं त्यानं! मग बरोबर येईलच कशी? रहिमतपूरला मास्तरीण होते तेव्हा एक्कावन्न, एकसष्ट, एकाहत्तर अशा तीन जनगणना केल्यात मी, जावईबापू. उन्हातान्हात, दारोदार फिरून. माझ्या वॉर्डात एक डोकं सुटलं नाही कधी. मालू, माझा नकाशा आण.

मालिनी : तो कॅलेंडरच्या मागे काढलेला?

गुरुदत्त : हसू नकोस. काउंटीच्या ऑफिसात नाही इतका करेक्ट आहे तो.

गिरजाबाई : तुम्ही व्हिजिटला जाता तेव्हा मी गाडीत उगाच बसून नसते. हे बघा. उत्तरेला नदी, पाणी कमी आणि वाळू जास्त. पश्चिमेला गवताच्या टेकड्या, तिथं नुसत्या गाई, माणसं म्हणाल तर अकरा. नदीपलीकडचे ते दोघं भाऊ, एकमेकांशी बोलत नाहीत ते, दोन्ही घरं वेगळी धरली का?

गुरुदत्त : धरलीत. मी विचारलं.

गिरजाबाई : आणि धान्याच्या कोठारापाशी ट्रेलरमध्ये राहतो तो? त्याला टपालच येत नाही.

गुरुदत्त : त्याच्याकडे डोरिस स्वतः जाऊन आली. तोही धरलाय.

गिरजाबाई : हुशार बाई आहे. मग गावात बघू. आपला रस्ता. एडनाबाई एकटी. तिच्या पलीकडं हेडमास्तर, त्यांचे पाच. मग आपण. आपल्या घरी किती लिहिलेस, मालू?

मालिनी : दोन.

गिरजाबाई : दोन? आणि रुपाली?

मालिनी : आई, तेव्हा ती पाच दिवसांची होती. बारसं कुठे झालं होतं? फॉर्मवर पहिलाच रकाना नावाचा. बारशाआधी नाव तोंडातून काढायचं नाही हे तूच सांगितलंस. हॉस्पिटलच्या पेपर्सवर पण नुसतं 'बेबी गर्ल' होतं. मला वाटलं, नाव ठेवलं की कळवू.

गुरुदत्त : आणि मी न बघता पाकीट पोस्टात टाकलं. कमाल आहे माझी. पोरगी माझ्या हातात जन्मली, त्याच हॉस्पिटलात, आणि काउंटीच्या हिशोबी ती नाहीच.

गिरजाबाई : एवढी शिकलेली तुम्ही दोघं. अगं, बिननावाची माणसं मी शंभर लिहिली असतील. 'बाळ, स्त्री, वय दिवस पाच.' झालं. बारशाची वाट बघत बसले असते तर निम्मं रहिमतपूर कागदावर आलं नसतं.

गुरुदत्त : म्हणजे नऊशे नव्याण्णव. अजून एक. फक्त एक.

मालिनी : दुसरं नाव मी विसरले नव्हते, आई. तू लिहू दिलं नाहीस.

गिरजाबाई : मी पाहुणी आहे.

मालिनी : दोन वर्षं?

गिरजाबाई : लेकीच्या घरी आई येते. राहत नाही. माझी आई माझ्याकडं यायची ती तिसऱ्या दिवशी पिशवी उचलायची. रहिमतपूरला माझं घर आहे. ही किल्ली आहे कमरेला.

गुरुदत्त : आई, मी जबरदस्ती करणार नाही. ग्रीन कार्ड आहे तुमच्याकडे, तुमचा हक्क आहे. पण डोरिस एकच विचारणार, त्या दिवशी तुम्ही राहत कुठे होता. तुमच्या वतीनं मी उत्तर देणार नाही. पाहुण्या म्हणालात तर पाहुण्या.

मालिनी : मी देते ना उत्तर. रहिमतपूरच्या घरात कोण आहे, आई?

गिरजाबाई : कुलूप आहे.

मालिनी : आणि इथे तुझी ट्रंक पलंगाखाली बांधलेली. रोज त्यातून एक पातळ काढतेस, वाळलं की परत त्यातच ठेवतेस. मला रोज सकाळी धास्ती वाटते, आज ही निघते म्हणेल. त्या बर्फात मला कळा सुरू झाल्या तेव्हा पुढचं हॉस्पिटल ऐंशी मैलांवर होतं. तिथवर जायला लागलं असतं तर मी वाटेतच संपले असते. आता हेडमास्तरांच्या बायकोला सातवा महिना आहे. पण ते राहू दे. हॉस्पिटलसाठी नको सांगूस. मला सांग. तू कुठे राहतेस?

गिरजाबाई : एकाहत्तर साली पेठेत एक म्हातारी होती. लेकीकडं असायची. माझं नाव नको, म्हणे, मी आपली चार दिवस आलेय. मी तिला म्हटलं, आजी, रोज जिथं तुमचं पान मांडतात तिथं तुम्ही राहता, सरकारला एवढंच पाहिजे. तिनं नाव लिहू दिलं, आणि मग रडायला लागली. मला वाटलं, वय झालंय. पुढच्या घरी गेले.

मालिनी : आई.

गिरजाबाई : रडत नाही मी. जावईबापू, फोन लावा. मीच बोलते. सातवीला इंग्रजी शिकवलंय.

(गुरुदत्त नंबर फिरवून रिसीव्हर त्यांच्या हातात देतो.)

गिरजाबाई : हॅलो, डोरिस. गिरजाबाई स्पीकिंग. डॉक्टर्स मदर-इन-लॉ. टेक पेन. टू नेम्स. नंबर वन, रुपाली. फीमेल. ऑन फर्स्ट एप्रिल, फाइव्ह डेज ओल्ड. येस, डॉक्टर्स बेबी. नंबर टू, गिरजाबाई. फीमेल. सिक्स्टी. नो, डोरिस, नॉट व्हिजिटर. आय लिव्ह हिअर.

मालिनी : काय म्हणाली?

गिरजाबाई : काही नाही. रिसीव्हर टेबलावर टाकून 'थाउजंड, थाउजंड' ओरडत गेली. टाळ्या वाजतायत तिकडं. हां, आली. सहीला या म्हणते, पाचच्या आत, दोघीही. बाळालापण आणा म्हणते, सगळ्यांना बघायचीय.

गुरुदत्त : आई, मला वाकून नमस्कार करू द्या आधी.

गिरजाबाई : पुरे. सही राहिलीय अजून.

मालिनी : अरे, ते बघ बाहेर. एडना पोर्चवर उभी राहून पातेलं बडवतेय. तिला एवढ्यात कसं कळलं?

गुरुदत्त : आपली पार्टी लाइन नाही का, सहा घरांत एक तार. सगळ्यांनी ऐकलं असणार. ऐक, हेडमास्तर ट्रकचा हॉर्न वाजवतायत. नदीकडूनपण वाजतोय.

मालिनी : रुपाली उठली. घाबरली नाही, हसतेय बघ.

गुरुदत्त : चला, गाडी काढतो. हजार माणसांची काउंटी आहे, उशीर नको.

गिरजाबाई : पाचच मिनिटं थांबा. मालू, त्या कपाटातला मधला कप्पा रिकामा कर. पातळं लावून ठेवते.