अप्पाचा चेहरा भरला होता

काका, मामा, आपल्या लूमच्या खात्यातले सगळे जोडीदार, बमरोलीहून आणि चलथाणहून आलेल्या मंडळींनो,

तुम्ही आज कामाची पाळी सोडून आलात. पाळी सोडणं काय असतं ते मला माहीत आहे. अप्पासाठी आलात, म्हणून आधी हात जोडतो.

मी बापू. अप्पाचा, म्हणजे सुकदेवचा, धाकटा भाऊ. माझी शाळा सातवीत सुटली. चार माणसांसमोर कधी बोललो नाही, म्हणून कागद लिहून आणलाय. तरी सारखा पाय बदलतोय. अप्पा असता तर मागे बसून म्हणाला असता, ‘बापू, तुले एक जागे उभं ऱ्हावाले जमस का?’ नाही जमत अप्पा. पण आज उभा राहतो.

अप्पाने मला गावाहून उधन्याला आणलं. मशीनवर उभं केलं. तुम्हाला सगळ्यांना ठाऊक आहे, धागा तुटला की लूम आपोआप थांबते. आणि आपण काय करतो? थांबायच्या पट्टीला तार बांधून टाकतो. मशीन चालू राहते, मजुरीचे मीटर पडत राहतात, आणि खालून कापड फाटकं निघतं. मान खाली घालू नका, मीपण केलंय. फक्त अप्पाने कधी केलं नाही. माझी बांधलेली तार त्याने तीनदा कापली. तिसऱ्यांदा सगळ्या खात्यासमोर कापली. म्हणाला, मशीन थांबते ती काहीतरी सांगायला थांबते, तिचं तोंड कशाला बांधतोस. मला तेव्हा राग आला होता. दोन दिवस त्याच्याशी बोललो नाही.

आता त्याच्या आजाराचं सांगतो. सांगायलाच उभा आहे.

पहिल्यांदा डोक्यातली गाठ ऑपरेशन करून काढली, शेक, म्हणजे रेडिएशन, दिले, आणि अप्पा परत मशीनवर आला. दीड वर्ष चांगला होता. मग एक दिवस त्याच्या हातून तुटलेला धागा जोडला जाईना. बोटं धाग्यापर्यंत जायची आणि तिथेच घुटमळायची. डोक्याचा फोटो काढला. गाठ परत आली होती.

मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टर बेनने आम्हाला समोर बसवून समजावलं. अर्धं हिंदीत, अर्धं गुजरातीत. आता कापता येणार नाही म्हणाल्या, बोलायच्या जागेला लागून आहे. आता दोन गोष्टी एकाच वेळी करू. एक, बारीक शेक, फक्त त्या गाठीवर. आणि दुसरी, दर तीन आठवड्यांनी हाताच्या शिरेतून औषधाची एक बाटली. अप्पाने विचारलं, बाटलीत काय असतं? बेन म्हणाल्या, तुमच्या अंगात पहारेकरी आहेतच, ही गाठ त्यांना फसवून बसलीय. शेकाने गाठ फुटली की तिचे तुकडे त्यांना ओळखू येतात, आणि बाटली त्यांना जागं ठेवते. हेही म्हणाल्या, की हे नवीन आहे, सगळ्यांना लागू पडत नाही, मी वचन देत नाही. अप्पा म्हणाला, वचन शेठपण देत नाही, तरी आम्ही कामाला जातोच. बेन हसल्या.

शेकाच्या वेळी डोकं हलू नये म्हणून त्याच्या तोंडाच्या मापाचा जाळीचा मुखवटा केला होता. तो आमच्या घरी आहे. नाक, हनुवटी, सगळं त्याचंच. वहिनीने तो रुमालात गुंडाळून कपाटात ठेवलाय. मी अजून उघडून बघितलेला नाही.

बेनने आणखी एक सांगितलं होतं. मेंदूची सूज उतरायच्या गोळ्या चालू होत्या, त्या हळूहळू कमी करायच्या. म्हणाल्या, त्या गोळ्या चांगल्या आहेत, लागल्या तर मीच देईन, पण त्या त्याच पहारेकऱ्यांना झोपवतात. त्रास वाढला तर मला फोन करा, आपल्या मनाने देऊ नका.

हे मी ऐकलं होतं. मी तिथेच बसलो होतो. मला कळलं नाही असं मी आज म्हणणार नाही.

गोळ्या कमी झाल्या तसा अप्पा मलूल झाला. जेवेना. भिंतीला धरून चालायचा. आणि अखाजीचा, अक्षय तृतीयेचा सण जवळ आला. गावाकडे मायला आम्ही सांगितलंच नव्हतं की गाठ परत आलीय. ती फोनवर विचारायची, ‘मना सुकदेव अखाजीले येस ना?’ तुम्हीच सांगा, मी काय सांगणार होतो? असा भिंत धरून चालणारा अप्पा तिच्यासमोर उभा करू?

मी बेनला फोन केला नाही. बेन नाही म्हणतील, म्हणूनच नाही केला. जुनी चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून त्याच गोळ्या आणल्या. वहिनी, तुम्ही रोजच्या गोळ्या डबीत भरायच्या. मी तुम्हाला म्हणालो, बेनने परत चालू केल्यात. ते खोटं होतं, वहिनी. आज सगळ्यांसमोर सांगतो, आधी तुमच्यासमोर सांगायचं धाडस झालं नाही.

चार दिवसांत अप्पा उठून बसला. भूक लागली. गावी गेलो. मायच्या हातचे मांडे खाल्ले, वर आमरस मागून घेतला. पारावर पत्त्यांना बसला आणि माझी खोड काढली, हा भिडू मला नको, हा पानं दाखवतो. माय ओट्यावर बसून त्याच्याकडे बघत राहिली होती.

परत आल्यावरही मी गोळ्या दिल्या. बंद करायची हिंमत होईना. गल्लीत सगळे म्हणायचे, अप्पा भरला, तोंडावर तेज आलं. तुम्हीच म्हणालात. मलाही खरं वाटलं.

पुढच्या बाटलीच्या दिवशी डॉक्टर बेन खुर्चीतून उठल्यासुद्धा नाहीत. त्याच्या गोल झालेल्या चेहऱ्याकडे बघितलं आणि मला विचारलं, ‘कितने दिन से दे रहे हो?’ तो भरलेला चेहरा म्हणजे त्या गोळ्यांची सूज होती.

त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. गोळ्या पुन्हा पायरीपायरीने उतरवल्या. पण गाठ वाढतच गेली. मी नंतर एकटा जाऊन विचारलं, बेन, माझ्यामुळे झालं का? त्या म्हणाल्या, मला सांगता येत नाही. गोळ्या दिल्या नसत्या तरी कदाचित हेच झालं असतं. कदाचित नसतं झालं. जे माहीत नाही, ते मी तुला खोटं सांगणार नाही.

अप्पाला मी सांगितलं. त्याचं बोलणं तेव्हा तुटक झालं होतं. ऐकून म्हणाला, ‘तार बांधी दिन्ही ना तू.’ मी रडायला लागलो, तेव्हा माझा हात धरला. म्हणाला, ‘पन मायनी माले हासता देखं.’ एवढंच. माफ केलं असं म्हणाला नाही. मीही विचारलं नाही.

मंडळी, हे घरातलं तुम्हाला का सांगतोय?

कारण अप्पा गेल्यापासून दहा दिवस बमरोलीपासून इथपर्यंत एकच ऐकतोय. शेकाने मारलं. त्या बाटलीने मारलं. चांगला भरला होता, दवाखान्याने खाल्ला. मी गप्प बसलो, कारण मी गप्प बसलो की माझं नाव येत नव्हतं.

चलथाणचे भिकनकाका इथे बसले आहेत. साखर कारखान्यात आहेत. आमची ओळख दवाखान्याच्या बाकावरची. त्यांच्या मुलीची, ज्योतीचीही डोक्यातली गाठ परत आली आहे, तिलाही हेच शेक आणि हीच बाटली सांगितली आहे. सोमवारची तारीख आहे. काल काका मला म्हणाले, बापू, अप्पाचं बघितलं, आता आम्ही जाणार नाही.

काका, तुम्ही अप्पाचं अर्धंच बघितलंत. उरलेलं मी लपवलं होतं, ते आज सांगितलं. ज्योती बरी होईल असं मी म्हणत नाही. डॉक्टर बेन म्हणत नाहीत, तिथे मी कोण? पण अप्पाकडे बघून थांबू नका. सोमवारी मी खाडा करतो, चलथाणला येतो, तुमच्याबरोबर बसतो. आणि ज्योतीला त्रास झाला, तर मी तिथल्या तिथे बेनला फोन लावीन. या वेळी लावीन.

वहिनी, तुम्हाला माझ्याशी बोलायचं नसेल तर बोलू नका. मी दारात येत राहीन.

आता सगळ्यांनी अप्पासाठी दोन मिनिटं उभं राहू या. बाजूच्या खात्यातली मशीनं चालूच राहतील, राहू द्या. आणि काका, उभं राहिल्यावर माझ्याकडे बघू नका. सोमवारचा विचार करा.