दोन सुतांची खाच

सन्माननीय नगराध्यक्षा बाई, ज्यांनी आज या समारंभाचं अध्यक्षपद स्वीकारलं. उद्यापासून निवृत्त होणारे आणि म्हणून आज फुलांच्या ढिगामागे बसलेले आपले जनसंवाद अधिकारी साहेब. अणुकचरा मंडळाकडून आलेले पाहुणे. समोर बसलेले शेजारी, गिऱ्हाइकं आणि मित्र. आणि सगळ्यात मागे, दाराजवळच्या खुर्चीवर बसलेली माझी धाकटी बहीण, सर्वांना नमस्कार.

सूत्रसंचालकांनी मला चार मिनिटं दिली आहेत. सुताराला वेळ नेहमी कमी दिला जातो आणि सुतार तो नेहमी जास्त घेतो, हे इथल्या अर्ध्या घरांना अनुभवानं माहीत आहे. तेव्हा सांभाळून घ्या.

माझ्याआधी पाच जण बोलले. पाचही जणांनी साहेबांसाठी एकच शब्द वापरला, लोकसहभाग. मानपत्रातही तो तीनदा आला आहे; मी मोजला, कारण मानपत्राची चौकट माझ्याकडे करायला होती. साहेब, चौकट हाताला जरा जाड लागली असेल. त्याचं कारण सांगतो, पण शेवटी.

बाहेरून आलेल्या पाहुण्यांसाठी थोडं मागचं सांगायला हवं. आपल्याकडचं अणुवीज केंद्र चाळीस वर्षं चाललं. विजेचे दिवे लागले, विजेवरचे पंप चालले, माझी रंधा मारायची मशीनही त्याच विजेवर चालली. मागे राहिला तो जळून झालेल्या इंधनाचा कचरा. तो आपल्या नातवंडांच्या नातवंडांनाही सांभाळावा लागणार आहे. त्यासाठी एक साठवणघर बांधायचं ठरलं. ते कुठे बांधायचं, हे लोकांना विचारून ठरवायचं, असंही ठरलं. निदान आम्हाला तसं सांगितलं गेलं. जागा तीन. पहिली उत्तरेच्या टेकडीमागे, दुसरी जुन्या कारखान्याच्या आवारात, तिसरी दगडाच्या बंद खाणीशेजारी. खाणीच्या कडेला माझ्या बहिणीची रोपवाटिका आहे. खाणीत साचलेल्या पाण्यावर तिची रोपं वाढतात.

साहेब पहिल्यांदा माझ्या दुकानात आले तो दिवस मला आठवतो. उभ्यानं बोलून जाणारे अधिकारी मी पुष्कळ पाहिलेत. हे भुशानं माखलेल्या स्टुलावर बसले, चांगल्या पँटची पर्वा न करता. म्हणाले, "मिस्त्री, लोकांना नकाशा कळत नाही. मला असं काहीतरी करून द्या की त्यांच्या हाताला कळेल." मला ते वाक्य फार आवडलं. हाताला कळणं म्हणजे काय, हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. साहेबांचं आणि माझं तिथेच सूत जमलं. सूत हा आमच्या मापातलाही शब्द आहे, इंचाचा आठवा भाग. त्याच्याकडे परत येतो.

तर मी मॉडेल केलं. दाराच्या फळीएवढं. टेकडी कोरली, नदी कोरली, रस्ते चिकटवले, शाळेच्या इमारतीला खिडक्यासुद्धा पाडल्या. आत येताना उजव्या हाताला आपण सगळ्यांनी ते पाहिलं असेल. आजच्या समारंभासाठी मंडळानं मुद्दाम आणून ठेवलं आहे. साठवणघर म्हणून काळसर लाकडाचा एक उभा ठोकळा केला आणि तीन जागी तीन खाचा ठेवल्या. सभेत प्रत्येकानं पुढे यायचं, ठोकळा हातात घ्यायचा, तिन्ही खाचांत बसवून बघायचा आणि मग आपली चिठ्ठी पेटीत टाकायची. सोपं काम. आमच्या दूधवाल्या काकू तर दोनदा आल्या, दुसऱ्यांदा नुसता ठोकळा फिरवायला मजा वाटली म्हणून.

खाचा पाडायच्या आदल्या दिवशी साहेब आले. म्हणाले, "मिस्त्री, तिसरी खाच सहा सूत खोल ठेवा. पहिल्या दोन मात्र दोनच सूत." मी विचारलं, "का हो? तिन्ही सारख्या नकोत?" ते म्हणाले, "त्या दोन्ही ठिकाणी खाली खडक आहे. खोल खणता येणार नाही. ते लोकांच्या हाताला कळलं पाहिजे ना?" परत तेच वाक्य. माझ्याच आवडीच्या वाक्यानं त्यांनी मला गुंडाळलं आणि मी आनंदानं गुंडाळला गेलो. दोन सुतांच्या खाचेत उभा ठोकळा काय बसणार? बोट लागलं की कलायचा. तिसऱ्या खाचेत मात्र असा बसायचा, की काढताना 'टक' आवाज यायचा. त्या आवाजाचा मला अभिमान होता, मंडळी. खोटं कशाला सांगू?

सभा सुरू झाल्या. या हॉलमध्ये, शाळेत, बाजाराच्या शेडमध्ये. पहिल्या जागेवर ठोकळा कलला की साहेब हसून म्हणायचे, "बघा, मॉडेलसुद्धा नको म्हणतंय!" सगळे हसायचे. मी सगळ्यात मोठ्यानं हसायचो. आता कोणी म्हणेल, मिस्त्री, लोक काय इतके भोळे आहेत, ठोकळा हलला म्हणून मत बदलायला? नाहीत. पण दिवसभर काम करून आलेला माणूस सभेला येतो, चाळीस पानांचा अहवाल त्यानं वाचलेला नसतो, प्रश्न विचारला की समोरून 'नोंद घेतली' एवढंच येतं. अशा वेळी हातात आलेली एकच गोष्ट खरी वाटते. चिठ्ठ्या मोजल्या तेव्हा शंभरातल्या सत्तर तिसऱ्या जागेला पडल्या. अंतिम अहवालात वाक्य आलं, 'मॉडेल प्रत्यक्ष हाताळल्यावर नागरिकांनी तिसऱ्या जागेला स्वाभाविक पसंती दर्शवली.' स्वाभाविक! मी ते कात्रण दुकानात लावलं होतं.

एक माणूस मात्र हसला नव्हता. माझी बहीण. ती साठवणघराच्या विरोधात नव्हती, हे मला इथं स्पष्ट सांगायचं आहे, कारण तिच्याबद्दल बरंच काही बोललं गेलं. ती पहिल्याच सभेत म्हणाली होती, "वीज आम्ही पण जाळली. कचरा कुठेतरी ठेवावाच लागेल. माझ्या दारात ठेवायचा असेल तर दारात ठेवा, पण खरं विचारून ठेवा." मग तिनं दोन प्रश्न विचारले. खाणीत साचतं ते पाणी पुढे कुठे जातं? आणि खाली खडक असणं वाईट कसं, अशी वस्तू ठेवायला पक्का खडकच चांगला ना? नोंद घेतली. पुढचा प्रश्न.

त्या सभेनंतर ती माझ्या मागे आली. "दादा, खाचा तू पाडल्यास. त्या दोन ठिकाणी ठोकळा का हलतो?"

मी म्हणालो, "साहेबांनी सांगितलं तसं केलं. साहेब खोटं बोलणार नाहीत."

"मग मोजून दाखव."

आणि मी काय केलं? पुढच्या सभेत उभा राहिलो आणि सगळ्यांसमोर म्हणालो, "ती माझी बहीण आहे, पण रोपवाटिकेपलीकडचं तिला काही दिसत नाही." लोकांनी टाळ्या वाजवल्या. ती उठून गेली. त्याला दोन वर्षं झाली. दोन वर्षांत ती माझ्या घरी आलेली नाही, आणि तिच्या फाटकातून आत जायचं मला धाडस झालं नाही. माझी बायको आजारी होती तेव्हा दवाखान्यात साहेब दोनदा आले. बहिणीला मी कळवलंच नव्हतं. म्हणजे बघा, मी कुणाला आपलं मानलं होतं!

सूत्रसंचालक घड्याळ दाखवतायत. दिसतंय मला. बसा हो, झालंच आता.

गेल्या आठवड्यात सत्कार समितीनं मानपत्राची चौकट सांगितली. चौकटीला मागून लावायला जाड कागद लागतो म्हणून मी कपाटाचा तळाचा खण उपसला. त्यात मॉडेलच्या वेळी मिळालेला मूळ आराखडा निघाला. त्याच्या मागच्या बाजूला माझी पेन्सिलची मापं होती. काम चालू असताना मी तो कागद शंभर वेळा हाताळला असेन. पण आमची सवय अशी, की कागदावरचे आकडे वाचायचे, अक्षरं शिकलेल्यांसाठी. या वेळी चष्मा लावून अक्षरं वाचली. खाली तारीख होती, पहिल्या सभेच्या आठ महिने आधीची. तिसऱ्या जागेवर साठवणघर पक्क्या शाईत काढलेलं होतं, फाटकासकट, रुंद केलेल्या रस्त्यासकट. पहिल्या आणि दुसऱ्या जागेवर पेन्सिलीनं नुसते चौकोन. आणि चौकोनांच्या शेजारी साहेबांच्या वळणदार अक्षरात चार शब्द: 'या फक्त मॉडेलसाठी घ्याव्यात.'

फक्त मॉडेलसाठी. साहेब, मी तुमच्याकडे बघून बोलतोय, रागावू नका. तुम्ही एकदा माझ्या दुकानात म्हणाला होतात, "मिस्त्री, तुमच्या हाताला खोटं जमत नाही." मी ते घरी जाऊन बायकोला सांगितलं होतं. आता कळतं, त्यासाठीच तुम्हाला माझा हात हवा होता. दुसऱ्या कुणी त्या खाचा पाडल्या असत्या तर लोकांनी एकदा तरी पट्टी लावून पाहिली असती. माझ्या कामाला कुणी पट्टी लावत नाही. तुम्ही केसानं गळा कापलात, साहेब, माझाही आणि माझ्या हातानं या सगळ्यांचाही. वाईट याचं वाटतं, की आठ महिने आधी येऊन तुम्ही सरळ म्हणाला असतात, 'जागा ठरली आहे, का ठरली ते ऐका', तर आम्ही भांडलो असतो, पण ऐकलं असतं. तुम्ही आम्हाला विचारल्याचं नाटक केलंत. त्यात आम्ही सत्तर टक्के लोकांनी मनापासून काम केलं.

नाही, पाहुणे, माईक राहू द्या. जाणारच आहे मी.

काल सकाळी तो कागद घेऊन मी बहिणीकडे गेलो. ती रोपांना पाणी घालत होती. फाटक उघडलं नाही. फाटकावरूनच कागद घेतला, उभ्या उभ्या वाचला. मला वाटलं, रडेल, नाहीतर शिव्या घालेल. ती म्हणाली, "मला कशाला दाखवतोस? मला माहीत होतं. ज्यांच्या हातात ठोकळा दिलास त्यांना दाखव." कागद मात्र घडी घालून ठेवून घेतला. मग मी वळलो तर मागून म्हणाली, "आणि भाषणात शेवटी ते 'काही चुकलं असल्यास' म्हणून पळ काढू नकोस. काय चुकलं ते सांग."

अध्यक्षा बाई, मंजुरीच्या कागदावर सोमवारी तुमची सही व्हायची आहे. मी सही करू नका म्हणत नाही. तेवढी माझी अक्कल नाही, आणि खाणीजवळचीच जागा योग्य असेलही, मला माहीत नाही. मला एवढंच माहीत आहे की ते कोणी आम्हाला खरं विचारलेलं नाही. त्या अहवालातलं 'स्वाभाविक' हे माझ्या पटाशीनं कोरलेलं आहे. तेवढा शब्द खोटा आहे, हे इतिवृत्तात लिहून घ्या. दोन वर्षांत आम्ही फार 'नोंद घेतली' ऐकलं. आज एकदा खरंच घ्या.

साहेब, चौकटीचं कारण सांगायचं राहिलं. ती जाड आहे कारण तिला दोन्ही बाजूंनी काच आहे. पुढे तुमचं मानपत्र, मागे त्या आराखड्याची नक्कल. भिंतीवर कुठली बाजू लावायची ते तुम्ही ठरवा. हा निर्णय मात्र खरंच तुमच्यावर सोडला आहे.

आणि मंडळी, मॉडेलला मी हात लावलेला नाही. खाचा होत्या तशाच आहेत. आज येताना मी त्याला दोरीनं एक पट्टी बांधून ठेवली. चहाला जाण्याआधी प्रत्येकानं एकदा ठोकळा उचला आणि पट्टी खाचेत घालून बघा. माझ्यावर विश्वास ठेवू नका. मोजा.

समितीनं मला बोलावलं त्याबद्दल आभार. एवढा वेळ ऐकून घेतलंत त्याबद्दल आभार. भाषणात जे काही कमीजास्त झालं असेल ते आपण पोटात घाला. बोलणं हा माझा धंदा नाही. पण खाचा पाडणं हा माझा धंदा आहे, आणि तिथली चूक कुणी पोटात घालू नये. पहिल्या जागेवर चार सूत कमी, दुसऱ्या जागेवर चार सूत कमी. आणि भर सभेत तुझ्याबद्दल बोललो ते वाक्य, ताई. तू माझ्यापेक्षा लहान आहेस तरी आज ताईच म्हणतो. त्याचं माप माझ्याकडे नाही. पट्टी तिथे बांधलेली आहे. पहिली तू मोज.