कार्डाला कुंकू

...आणि वर घरचे मलाच म्हणतात, कॉम्प्युटर तू नीट वापरला नसशील. तुम्हाला सांगतो, वीट आलाय. नववीतून शाळा सोडलेला पोरगा मी, वाळूजला कंपनीत प्रेसवर उभा राहतो, आणि मोबाइलवर बघून बघून, एकेक भाग आणून, स्वतःच्या हातानं कॉम्प्युटर जोडला. कशासाठी? लग्नांचे व्हिडिओ बनवायला. कंपनीतून सुटायचा तेवढाच रस्ता. पहिलीच ऑर्डर गंगापूरच्या नानासाहेबांची, त्यांच्या पोरीच्या, प्रेरणाच्या लग्नाची. ती नीट गेली की भावकीतली सगळी लग्नं माझी, असं ठरलेलं...

आणि आली खंडेनवमी.

आता त्या दिवशी बजाजनगरात कुठलं यंत्र सुटतं? कंपनीत प्रेसला हार, गल्लीत रिक्षांना हार, घरात शिलाई मशीन, मिक्सर, विळीसुद्धा. मी कॉम्प्युटरचं झाकण काढून धूळ पुसत होतो, तेवढ्यात आई ताट घेऊन हजर. "ह्याच्यात मेन कोणतं रे?" खरं सांगितलं, तिथंच फसलो. ग्राफिक्स कार्ड दाखवलं, म्हटलं, पडद्यावर चित्र हेच आणतं, हे गेलं की सगळं आंधळं. "मग ह्यालाच लावते." ओलं कुंकू, त्यावर हळद, त्यावर अक्षता, सगळं कार्डाच्या पंख्यात, आणि वरून फुलानं पाणी. मी काय बोललो? काहीच नाही बोललो. सणाच्या दिवशी आईला काय बोलायचं?

संध्याकाळी चालू केलं तर आत दळण चालल्यासारखी करकर, मग जळका वास, मग पडद्यावर प्रेरणाच्या तोंडावर हिरव्या-जांभळ्या रेघा. आई मागून कौतुकानं म्हणते, "पैठणीचा काठ काढलास व्हय? लई भारी." मी काय बोललो? स्विच बंद केला.

पैठण गेटला कॉम्प्युटरच्या दुकानात नेलं. दुकानदारानं कार्ड उलटं करून टेबलावर आपटलं, लाल तांदूळ सांडले. मग कुंकू, धूळ आणि पाणी मिळून आत जो चिकट, काळा-तांबडा लगदा झाला होता ना, तो काडीनं उकरून माझ्या नाकाशी धरला. शिसारी आली हो. वर गिऱ्हाईकांना ऐकू जाईल असं विचारतो, "मियाँ, ये कार्ड है क्या पूजा की थाली? कंपनी को क्या लिखूँ, प्रसाद भेजरा बोलके?" वॉरंटी खलास. सगळं दुकान हसतंय. मी काय बोललो? तांदूळ गोळा केले. पायाखाली येऊ नयेत म्हणून.

इकडं नानासाहेबांचा फोन. "काय व्हिडिओवाले, पोरीचं डोहाळजेवण आलं तरी तिचं लग्न काय दिसंना. रविवारी पाव्हणे बसणारेत, मोठा पडदा सांगितलाय. जमत नसल तर बोल, बिडकीनचा एक पोरगा हाय आपल्याकडं." मी काय बोललो? "हो" बोललो. नेमकं कशाला हो, ते त्यांनाही कळलं नसेल.

शेवटी ओव्हरटाइम करकरून नवीन कार्ड आणलं. आज बसलो तरच रविवार गाठणार. कार्ड बसवलं, झाकण लावणार, तर दारात आई. ताट घेऊन.

"नवी वस्तू तशीच चालू करतोस? म्हणून तर पहिलं गेलं."

म्हणजे बघा. पण या वेळी मी तयारीत होतो, कार्डावर आधीच प्लास्टिकची पिशवी चढवलेली. आईनं ती हळूच काढली, नीट घडी करून माझ्या हातात दिली. म्हणाली, "देवाला पिशवीतनं काय दिसणार?"

मी काय बोललो? डोक्यावर रुमाल टाकला, हात जोडले.