दोन ‘होता’

राही : कटला! आप्पा, फोन कटला! हॅलो! हॅलो, मातेओ!

आप्पा : खाली ठेव आधी. ठेवलास तरच तो परत लावील ना.

सखूकाकी : काय म्हणाला गो तो? ह्यांचं काय म्हणाला?

राही : ऐकू कुठे येत होतं! मागे बर्फ फोडायचं मशीन घरघरतंय. आप्पा, कारखाना तुमचाच ना?

आप्पा : ए रामा, मशीन बंद कर! मासे थांबतील जरा. हां, आता बोल.

राही : मातेओच होता. बोटीवरचा स्वयंपाकी, काकाचा दोस्त. चिलीच्या बंदरातून बोलत होता, इस्पितळातून.

सखूकाकी : हे इस्पितळात आहेत, एवढं कालच्या तारेतच होतं. पुढचं सांग.

राही : पुढे इंग्रजी झोडायला लागला. असलं इंग्रजी! आमच्या नववी ‘ब’मधली पोरं परवडली.

आप्पा : शब्द सांग, राही. वक्तृत्वाचा कप मिळवलायस म्हणे.

राही : “युवर अंकल, व्हेरी गुड मॅन ही वॉज.”

सखूकाकी : म्हणजे?

राही : काका चांगला माणूस आहे.

आप्पा : राही.

राही : होता. चांगला माणूस होता.

सखूकाकी : होता? माणूस असताना कोण ‘होता’ म्हणतं गो?

राही : काकी, थांब, रडू नकोस! ऐक. इंग्रजीत बिचारं एकच वॉज. त्याच्या स्पॅनिशमध्ये होऊन गेलेल्याला दोन रूपं असतात. एकात दार लावून घेतलेलं, दुसऱ्यात उघडंच. भजनात कुणी ‘गायला’ म्हणजे संपलं, टाळ ठेवले. ‘गात होता’ म्हणजे आपण अजून मंडपातच. ‘गायला’ तो कांतो, ‘गात होता’ तो कांताबा! मातेओ दोन्हींना वॉजच लावत असणार. काका रजेवर आला की मला हेच शिकवायचा...

सखूकाकी : शिकवायचा म्हणू नको! शिकवतो म्हण.

राही : शिकवतो. शिकवतो, काकी.

आप्पा : ते ठीक. पण शेवटी शेवटी काय ऐकलंस? तोंड उतरलं तुझं. मी समोरच बसलो होतो.

राही : शेवटी त्याचं इंग्रजी संपलं.

आप्पा : मग?

राही : मग स्पॅनिश. भराभरा. त्यातला एक शब्द मरण्याचा होता.

सखूकाकी : अगो बाय माझे!

राही : पण कुठलं रूप ते कळलं नाही ना! ‘मुर्यो’ असेल तर मेला. ‘मोरीआ’ असेल तर मरत होता. म्हणजे मरणाच्या दारात होता, पण आत नाही गेला! सगळ्या वर्गाला मी दरडावते, उच्चार नीट ऐका म्हणून. आणि आज मलाच...

सखूकाकी : देवाचं नाव घेत होता ना तो?

राही : कोण?

सखूकाकी : तोच तुझा मातेव. तू बोलत होतीस तेव्हा मी पण कान लावलेला. म्हटलं, ह्यांनीच शिकवलं असेल त्याला. ‘मोरया’ म्हणाला.

राही : काय म्हणाला?

सखूकाकी : मोरया. दोनदा म्हणाला.

राही : काकी, नीट आठव. मोरया, की मुर्यो?

सखूकाकी : मला मोरया कळत नाय? गणपतीपुळ्याचं माहेर माझं. जरा लांबवून म्हणाला, मोरीऽऽया.

राही : आप्पा! शेवटी ‘या’! मोरीआच ते! मेला नाही काका! काल मरत होता, नुसता मरत होता!

आप्पा : हळू. कालचं झालं. आज?

राही : आज असेलच की!

आप्पा : दार उघडं म्हणालीस ना? उघड्या दारातून माणूस बाहेर येतो, तसा आतही जातो.

राही : असं नका ना बोलू.

सखूकाकी : राही, ‘आहे’ला त्यांच्यात काय म्हणतात?

राही : एस्ता.

सखूकाकी : एस्ता. मग आता मीच विचारते.

राही : पण नाव घ्यावं लागेल, काकी! मघाशी फोन आला तेव्हा त्याने कोण हवंय विचारलं, तर तू ‘आमचे हे’ म्हणालीस आणि फोन माझ्या हातात कोंबलास. त्याला ‘हे’ कसं कळणार?

(फोन वाजतो.)

आप्पा : मी घेऊ?

सखूकाकी : नको. आणा इकडे. हॅलो... महिपत. महिपत एस्ता?